तेवीस कुलपांची वहिवाट

२१ नोव्हेंबर २०१५, शनिवार

कागदाची मागची बाजू आज वाचली. वाचायला नको होती.

चष्म्याचा नवा नंबर आला म्हणून हाताला येईल ते वाचत बसले होते. आधी काडेपेटी, मग पंचांग, मग घराच्या विम्याचा कागद. पुढच्या बाजूला माझं नाव, बाजारगल्ली, दगडी भिंत, पत्र्याचं छत. ते सगळं पाठ आहे. मागं बारीक अक्षरात अठरा कलमं. अकरावं असं – 'विमा उतरवलेल्या घरातील वहिवाट सलग तीस दिवसांहून अधिक काळ खंडित राहिल्यास संरक्षण आपोआप स्थगित होईल.'

दोनदा वाचलं. उठून पाणी प्यायले. परत वाचलं, तेच होतं.

हाच कागद मी माळावरच्या वस्तीत विकलाय. पतसंस्थेची पिग्मी गोळा करता करता, दारोदार. बावीस घरं आणि एक कीटकगृह – तेवीस कागद. "तुम्ही सहा महिने ऊस तोडायला जाता. तुम्ही नसताना घरात हा कागद बसेल," असं प्रत्येक उंबऱ्यात सांगितलं. वाक्य मला इतकं आवडलं होतं की त्या दिवशी इथं रोजनिशीतही उतरवून ठेवलंय. आता कागद म्हणतो, तुम्ही नसाल तर मीही नाही.

तेवीसच्या तेवीस कुलपं लागलीत. पहिली टोळी २६ ऑक्टोबरला गेली, तीन घरं. बाकीचे भाऊबीज उरकून गेले. बोटांवर मोजलं. पहिल्यांचे तीस दिवस बुधवारी भरतात.

२२ नोव्हेंबर, रविवार

शिरूरला राधाकिशनच्या घरी गेले. तो आमच्या पतसंस्थेचा मॅनेजर. माझ्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला. मला काकू म्हणतो, कमिशनचं विचारलं की बाई म्हणतो. अंगणात दाढी करत होता. कलम दाखवलं. अर्ध्या दाढीनं वाचलं.

"काकू, ह्या कलमानं कुनाचं अडलं असं माझ्या ऐकण्यात न्हाई."

"आपल्याकडून आजवर कुणी भरपाई मागितलीय का?"

"न्हाई."

उरलेली अर्धी दाढी त्यानं केली. मग त्याला धोंडीरामचं कीटकगृह आठवलं आणि त्याचा चेहरा उतरला. माझा कालच उतरला होता.

धोंडीरामनं दोन वर्षांमागं रेशमाच्या अळ्या पाळायला संस्थेच्या कर्जातून ते बांधलं. साठ फूट बाय वीस. भिंती कमरेएवढ्या, वर जाळी, त्यावर पत्रे. किंमत ठरवायला आलेला माणूस आतून-बाहेरून फिरला आणि म्हणाला होता, "ह्यात अळ्याच राहू शकतात. गोदाम करावं तर जाळी, दुकान करावं तर जाळी. विकायची पाळी आली तर घेणार कोण, अळी?" म्हणून संस्थेनं नुसत्या कीटकगृहावर भरवसा ठेवला नाही. धोंडीरामचं राहतं घरही तारण घेतलं. यंदा विहीर आटली, तुती वाळली, अळीला घालायला पान नाही. धोंडीराम आणि केशरबाई कोयते घेऊन कृष्णाकाठी गेलेत. घरात त्याची म्हातारी आई, तुळजाबाई.

म्हणजे कीटकगृहाचं काही बरंवाईट झालं आणि विम्यानं हात वर केले, तर जायचं ते तुळजाबाईचं घर. तिनं मला काही मागितलं नव्हतं. मीच कागद घेऊन गेले होते.

२३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीच्या पुण्याच्या नंबरला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकवली. मग एक मुलगा बोलला. विचारलं, वहिवाट म्हणजे नेमकं काय?

"घरात माणूस राहिला पाहिजे, मॅडम. मुक्काम, स्वयंपाक वगैरे. आणि तशी नोंद ठेवा."

कोणता माणूस?

"मालकाच्या परवानगीनं राहणारा कोणताही."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं – कोणताही माणूस म्हणजे मी चालते. माझे यजमान गुरुपाद जाऊन नऊ वर्षं झाली. लेक नांदूरघाटला दिली, तिचं तिला पुरे झालंय. वस्ती उठल्यापासून पिग्मीही बंद. महिन्याच्या तीस रात्री, तेवीस कुलपं. सात रात्री उरतात, त्यात माझं घर.

गुरुपादांचं कापडाचं दुकान जळालं तेव्हा विमा नव्हता. 'दुकानाला काय होतंय' असं ते म्हणायचे. त्यानंतर आठ वर्षं ते जगले, पण दुकानाला काय झालं हे एकदाही बोलले नाहीत. मी कागदावर विश्वास ठेवते तो त्यामुळं. हसणाऱ्यांनी हसावं.

दिवसभर फोन करून परवानग्या घेतल्या. सगळ्यांचं उत्तर एकच, "ऱ्हावा की काकू, तुमाला कोन अडवतंय." शंभर पानी वही आणली. वर लिहिलं – वहिवाट वही. गोधडी, तवा, पिठाचा डबा घेऊन दिवस मावळायच्या आत माळावर गेले.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

वस्तीच्या सगळ्या किल्ल्या तुळजाबाईच्या कमरेला असतात, एका सुतळीत. चालली की वाजते. चोरानं आवाज ऐकून आधीच निघून जावं अशी सोय.

काल पहिली किल्ली मागितली तेव्हा म्हणाली, "कावून झोपायचं तुला लोकाच्या घरात?"

सगळं सांगितलं. विमा, कलम, तीस दिवस. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी माणूस न्हाई म्हून घराला विमा घ्यायचा. आन् माणूस न्हाई म्हून विमा न्हाई. बरं हाय."

मला हे समजायला दोन दिवस लागले होते.

म्हटलं, मावशी, मग तुम्हीच झोपत जा की, किल्ल्या तुमच्याकडंच आहेत. तर म्हणाली, "मी लोकाच्या चुलीवर भाकर थापीत न्हाई." पण किल्ली दिली. सुतळीची गाठ दातानं सोडली.

२९ नोव्हेंबर, रविवार

बद्रीनाथच्या घरी. मुंग्या. ह्या घरातली वहिवाट कधीच खंडित झालेली नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

ऊसतोडीला जाताना वस्तीतली माणसं 'घर बंद केलं' म्हणत नाहीत, 'झाकलं' म्हणतात. रिकामं तर म्हणायचंच नाही. चुलीपाशी मीठ-पिठाची एक पुडी ठेवून जातात, घर उपाशी राहू नये म्हणून. मी पुडी उचलून बाजूला ठेवते, माझी भाकरी करते, पुडी पुन्हा होती तिथं ठेवते.

आज सुभद्राबाईच्या घरी. भिंतीवर नातवाच्या उंचीच्या रेघा आहेत. दर वर्षाच्या दोन, एक जाताना आणि एक आल्यावर. मधल्या सहा महिन्यांत पोर किती वाढलं ते भिंतीला कळतं, शाळेला कळत नाही. बघत बसले. रडू आलं. भाकरी करपली, ती तशीच खाल्ली.

नोंद : मुक्काम केला. स्वयंपाक केला. सही.

८ डिसेंबर, मंगळवार

कीटकगृह. इथं नवीच अडचण. घराचा कागद म्हणतो चूल पेटवा, कीटकगृहाचा कागद म्हणतो आत विस्तव चालणार नाही. बाहेर तीन दगड मांडून भाकरी केली आणि आत बसून खाल्ली. दोन्ही कागदांचं समाधान झालं असावं.

झोपले मांडणीवर. हजारो अळ्या महिना-महिना इथं राहिल्या, कुणाची तक्रार आली नाही. माझी एका रात्रीत पाठ धरली.

१५ डिसेंबर, मंगळवार

पहिला फेरा पुरा. शेवटचं घर एकोणतिसाव्या दिवशी गाठलं. तुळजाबाईला सांगितलं तर म्हणाली, "बक्षीस देत्यात का?"

उद्या घरी. गल्लीत टँकर येत नाही, वस्तीच्या विहिरीत ओतून जातो. घरी जायचं म्हणजे दोन कळशा डोक्यावर घेऊन जायचं.

४ जानेवारी २०१६, सोमवार

कारखान्याच्या तळावरून बद्रीनाथचा फोन. घर कसंय विचारत होता. मी खुशीत होते. म्हटलं, काही काळजी करू नको, तुझ्या घरात माझी वहिवाट पक्की लागलीय. वहीत नोंद आहे, खाली सही आहे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. रेंज गेली असेल.

१० जानेवारी, रविवार

रेंज गेली नव्हती.

काल बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या घरी झोपले आणि सकाळी सकाळी धोंडीरामचा फोन. "काकू, परवा मुकादमाकडं गेलतो. तिथं समदे हेच बोलायलेत. तुमी म्हनं तेवीस जागांना वहिवाट लावली."

मी म्हटलं, लावली की. तुमच्यासाठीच लावली.

मग तो जपून जपून बोलला. सातबाऱ्यावर ज्याची वहिवाट, त्याचं रान, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. वहिवाट लागली की मूळ मालकानं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. हा शब्द मी फोनवरून बद्रीनाथला पेढ्यासारखा दिला. विमा कंपनीचा शब्द होता, मी आपला वापरला. छापलेला शब्द वापरायची खोडच आहे मला.

"बद्रीनाथ म्हनतो, बारा वर्सं वहिवाट झाली की घर तिचं."

"अरे, मी महिन्यातून एकदा झोपते तिथं."

"मी बी तेच म्हनलो. तर म्हनला, थेंबे थेंबे तळं साचे."

म्हणजे बारा वर्षांनी मी सत्तरीची होईन आणि माझ्याकडं बावीस घरं आणि एक कीटकगृह असेल. पाणी एकातही नसेल.

हसले. मग एकदम वाईट वाटलं. तीस वर्षं ह्या लोकांच्या दारातून रोजचे पाच-दहा रुपये गोळा केले. एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही. आणि आता तळावर बसून ही माणसं माझ्याबद्दल असं बोलतात. जेवण गेलं नाही.

११ जानेवारी, सोमवार

तुळजाबाईनं आज किल्ली दिली नाही. तिलाही लेकाचा फोन आला होता.

मी काही बोलायच्या आत तिनं सटवाची गोष्ट सांगितली. सटवा तिचा नवरा. त्याचं पलीकडच्या गावात दोन खणांचं घर होतं. एका पाहुण्याला नुसतं दिवा लावायला दिलं. दोन वर्षांनी पाहुणा कागद घेऊन आला – काही न्हाई, नुसतं वहिवाट म्हणून लिहिलंय. सटवानं अंगठा दिला. "दिवा अजून लागतोय," तुळजाबाई म्हणाली. "पाहुन्याचा."

तेव्हापासून तिनं कशालाच अंगठा दिलेला नाही. रेशनला नाही, निराधारच्या पगाराला नाही. संस्थेत घर तारण ठेवलं तेव्हाही बाहेर पायरीवर बसून राहिली, सही लेकानं केली.

मी म्हटलं, मावशी, ही वही मी जाळून टाकते. पण मग कीटकगृहाचा कागद मेला. उद्या काही झालं तर संस्था तुमच्या ह्या घराकडं बघणार.

तिनं कमरेची सुतळी चाचपली. मग म्हणाली, "संस्था लोकाला इश्वासावर देती का?"

"नाही. तारण घेते."

"मग तुजं घर ठेव."

कनवटीची किल्ली काढून दिली. माझ्या घराची किल्ली आता तिच्या सुतळीत, चोविसावी. विचारलं, कधी सोडणार? "लोक माघारी आले की."

इतकी वर्षं संस्थेत काढली. एवढ्या कमी कागदपत्रांत झालेलं तारण पाहिलं नव्हतं.

१५ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.

उरलेल्या सात रात्रींना आता तुळजाबाईची ओसरी. माझं घर तिच्या कमरेला आहे म्हटल्यावर दुसरं कुठं जाणार? ती घोरते. सकाळी म्हणते, मी घोरते.

आम्हा दोघींना वाण देणारं कुणी नाही, म्हणून आम्हीच एकमेकींना तिळगूळ दिला. ती म्हणाली, "गोड बोल." म्हटलं, तुम्हीपण बोला एखादवेळी.

दुपारी गावात गेली. दर शुक्रवारी देवीला जायचं म्हणते, नवस बोललीय. मुक्काम बाजारगल्लीत भाचीकडं. कसला नवस? "सांगितला की फळत न्हाई." भाचीसाठी तिळगुळाची पुडी बांधून दिली.

९ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या घराला आज एकतिसावा दिवस.

महिनाभर तेवीस घरांचे दिवस मोजले, स्वतःच्या घराचे काल रात्री मोजले! सकाळी तुळजाबाईला म्हटलं, एका रात्रीपुरती किल्ली द्या, उद्या परत तुमच्या सुतळीत.

"तारण मधीच सोडीत न्हाईत. तूच सांगितलंस."

सांगितलं होतं. समजावून सांगितलं होतं, उदाहरण देऊन.

जाऊ दे. बावन्न सालचं दगडी घर आहे. त्याला काय होतंय.

– वर काय लिहिलं ते आत्ता वाचलं. अगदी गुरुपाद बोलल्यासारखं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

तुळजाबाई देवीला. जाताना आजची किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेली. एकटीची भाकरी. किल्ल्या वाजत नसल्या की वस्ती फारच झाकलेली वाटते.

२९ फेब्रुवारी, सोमवार

यंदा फेब्रुवारीला एक दिवस जास्त. कलमात त्याबद्दल काही नाही.

१२ मार्च, शनिवार

काल दुपारी चारला वादळ. सगळं धरून दहा मिनिटं. पाऊस चार थेंब, तेवढ्यासाठी आला तरी कशाला. मी विमलबाईच्या घरात होते, दाराला पाठ लावून बसले. घरं राहिली. कीटकगृहाचे सोळा पत्रे गेले. तीन शेजारच्या रानात सापडले, बाकीचे कुठं ते वाऱ्याला ठाऊक. जाळी फाटून लोंबतेय.

सकाळी गावात गेले. बाजारगल्लीत एकच घर गेलं. छत नाही, पुढची भिंत आत पडलेली. दाराला कुलूप मात्र व्यवस्थित लावलेलं. माझंच.

रस्त्यावर उभी राहिले. लोक जमले, काय काय बोलले. आत डोकावलं नाही, धीर झाला नाही. लग्न होऊन त्या दारातून आत गेले होते. परत माळावर आले आणि वहीत कालची नोंद केली : विमलबाईचे घर. मुक्काम. स्वयंपाक. सही. सही दुसऱ्याच कुणाची वाटते.

तुळजाबाई दुपारी परतली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत चिंधीत गुंडाळलेला. भाचीच्या दारात पडले म्हणाली. म्हटलं, मावशी, माझं घर गेलं.

"बगितलं," म्हणाली.

एवढंच. गल्लीत होती, डोळ्यांनी बघून आली, आणि माझ्यासाठी एक शब्द नाही. किल्ली अजून तिच्या कमरेलाच. राग आला. हात दुखतोय का, हेही मी विचारलं नाही.

१४ मार्च, सोमवार

राधाकिशन आला. कीटकगृह पाहिलं, माझं घर पाहिलं, वही चाळली. मग आजूबाजूला कुणी नसताना हळू आवाजात बोलला. आजूबाजूला चार महिन्यांपासून कुणीच नाही, तरी हळू.

"काकू, ह्या वहीत सात-सात रात्री 'तुळजाबाईची ओसरी' लिहिलंय. त्यातली फेब्रुवारीची एक खोडा आन् तिथं 'स्वतःचे घर' लिवा. एकच ओळ. तुमच्या घराचं काम होऊन जाईल."

खरंय. एकच ओळ. वही समोर ठेवून बसले. पण वही म्हणजे काय? माझ्या शब्दाशिवाय तिच्यात दुसरं काही नाही. एका पानावर खाडाखोड दिसली की कीटकगृहाचं पानही खोटं ठरणार. मग सोळा पत्रे गेले, त्यामागून तुळजाबाईचं घर जाणार, आणि तळावरची माणसं म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं?

पेनाला टोपण लावलं. राधाकिशन बाई म्हणाला आणि गेला.

माझं घर मला पाहिजे. हे इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मला ते फार पाहिजे.

१८ मार्च, शुक्रवार

तुळजाबाई एका हातानं देवीला. आता कसला नवस राहिलाय?

१९ मार्च, शनिवार

कंपनीचे पंडितसाहेब पाहणीला आले. तरुण आहेत, उन्हानं लाल झालेले. कीटकगृहाचे फोटो काढले, पत्रे मोजले. वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. अशी वही आयुष्यात पाहिली नाही म्हणाले. कौतुक होतं की कसं ते कळलं नाही.

"पण वही तुमची, अक्षर तुमचं, सहीपण तुमचीच. वस्तीतला एक साक्षीदार पाहिजे. बाईंना इथं राहताना मी पाहिलं, एवढंच."

वस्तीत आहे कोण? तुळजाबाई. शाईचा डबा तिच्यापुढं ठेवला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"वहिवाटीच्या कागदाला माजा अंगठा न्हाई."

"आजी, हाताला लागलं असेल तर डावाही चालतो."

"न्हाई."

मी काकुळतीला आले. मावशी, तुमच्याच घरासाठी आहे हो. तिनं मान फिरवली. साहेब म्हणाले, मंगळवारी येतो. साक्षीदार मिळाला तर ठीक, नाहीतर कीटकगृहाचं प्रकरण तसंच परत पाठवतो. जाताना मला विचारलं, "तुमचंही घर गेलं म्हणे. त्याचं काय?"

म्हटलं, त्यात दोन महिने खंड आहे.

रात्री ओसरीवर झोपले नाही. कीटकगृहात छत नसलेल्या मांडणीवर आडवी झाले. तुळजाबाईशी बोलणं बंद.

२० मार्च, रविवार

अर्ज लिहिला. 'माझ्या घरातील वहिवाट खंडित असल्याने मी नुकसानीची मागणी करत नाही.' सही चांगली आली.

२१ मार्च, सोमवार

गुरुपादांचा फोटो काढायला घरी गेले. किल्लीची गरज पडली नाही, पडक्या भिंतीतून गेले.

स्वयंपाकघर उभं आहे. चुलीत राख, माझी नव्हे, मी चूल झाडल्याशिवाय बाहेर पडत नाही. चुलीपाशी एक पुडी. संक्रांतीला भाचीसाठी बांधलेला तिळगूळ, सोडलेलाही नाही. दाराच्या मागं संस्थेचं कॅलेंडर. पानं उलटली. १५ जानेवारीपासून दर शुक्रवारी चुलीच्या काजळीचा अंगठा. ११ मार्चलाही. म्हणजे पत्रे उडाले तेव्हा ती आत होती. आणि कुलूप लावून मग गेली. १८ मार्चला छप्परच नव्हतं, तरी अंगठा आहे – डावा, फिसकटलेला. भाची दसऱ्यालाच पुण्याला गेली. हे मला ठाऊक होतं, तरी एकदाही आठवलं नाही.

कॅलेंडर घेऊन ओसरीवर गेले. तुळजाबाई एका हातानं मटकी निवडत होती. कॅलेंडरकडं बघितलं आणि परत मटकीत बघितलं.

"तू आमच्यात वहिवाट लावली, मी तुज्यात लावली. फिट्टंफाट."

खाली बसले, सूप माझ्याकडं ओढलं. खडे काही दिसत नव्हते. ती म्हणाली, "उद्या साहेब आला की बोलीव मला. धा दिलेतच. अकराव्यानं काय घर जातंय?"